माई, काच आतून कोरडी आहे

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी दहा. काम: माईंच्या गाडीची हिवाळ्याची तपासणी.

तारीख आणि काम आधी, बाकी सगळं नंतर, ही तुमची पद्धत, माई. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना भूल दिलीत आणि मशीन तपासल्याशिवाय एकाही पेशंटला हात लावला नाहीत. तोच नियम गाडीला. एकीने कागदावरून मोठ्याने विचारायचं, दुसरीने हात लावून बघायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. "बहुतेक ठीक आहे" हे उत्तर चालत नसे. "बहुतेक झोपलाय म्हणून पोट उघडायचं का?" असं तुम्ही एकदा मला भर रस्त्यात इतक्या जोरात विचारलंत, की समोरच्या घरातल्या बाईने पडदा सरकवून पाहिलं.

दरवर्षी हे दसऱ्याला व्हायचं. इथे इंग्लंडमध्ये दसरा आणि हिवाळ्याची तयारी एकाच सुमाराला येते, ही तुमच्या दृष्टीने देवाने केलेली उत्तम सोय होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, कुंडीत थंडीपासून जपलेल्या झेंडूचा हार, अक्षता, सुपारी. आणि लगेच त्याच हळदीच्या हातांनी तेल मोजायची डिपस्टिक बाहेर. यंदा फक्त पूजा झाली. तुम्ही खुर्चीत बसून सांगितलीत आणि मी केली. तपासणीला तुम्हाला दम पुरला नाही. "पुढच्या रविवारी करू," म्हणालात. पुढच्या रविवारी तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात.

शेवटच्या संध्याकाळी मास्क बाजूला करून तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. "गाडीचं राहिलंय. बघ."

माझा नवरा सुधीर म्हणतो, आईला वडिलांबद्दल, आप्पांबद्दल, सांगायचं होतं. तुमचा थोरला आहे, हळवा आहे, त्याला तसं वाटणारच. मी तुमची सून आहे. चोवीस वर्षं तुम्हाला ओळखत होते. तुम्हाला आप्पांबद्दल बोलायचं असतं तर तुम्ही आप्पांबद्दल बोलला असतात. गाडीचं राहिलं होतं, म्हणून गाडीचं म्हणालात. मी बघितलं. त्याचाच हा रिपोर्ट.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, लोकांचे डबे धुऊन परत केले, तुमची औषधं केमिस्टकडे नेऊन दिली. रडायचं ते मी माझ्या नोकरीच्या शाळेत, स्टेशनरीच्या खोलीत एकदा रडून घेतलं आणि प्रिंटरच्या कागदाचे दोन रीम घेऊन बाहेर आले. तुम्हाला हे आवडलं असतं. रिकाम्या हाताने खोलीबाहेर पडणं तुम्हाला कधी पटलं नाही.

आता खरा प्रश्न. आप्पांचं डायलिसिस तुम्हाला ठाऊकच आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रीडिंग शहरातल्या युनिटमध्ये सकाळी साडेसातला हजर. गेली दोन वर्षं तुम्हीच त्यांना मेडनहेडहून नेत होतात. परत यायला युनिटची गाडी मिळते, पण न्यायला तीच गाडी घ्यावी तर ती चार जणांना गोळा करत फिरते, आणि आप्पा मशीनला लागायच्या आधीच थकलेले असतात. सुधीर सोमवारी पहाटेच आमची गाडी घेऊन ब्रिस्टलला जातो, तो गुरुवारी रात्री उगवतो. म्हणजे राहिले मी आणि राहिली तुमची चौदा वर्षांची गाडी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मिलिंदने विषय काढला. तुमचा धाकटा अजून तसाच आहे, वाईट बातमी द्यायच्या आधी चहाचे कप गोळा करतो.

"वहिनी, लुक, मी रूड होत नाही आहे," तो म्हणाला. "पण विंटर येतो आहे. आप्पा माझ्याकडे पिनरला राहील. रूम रेडी आहे. युनिट पण चेंज करता येतो, मी विचारला आहे."

"आणि इथे काय अडलंय? मी नेईन ना."

"कशात? तो गाडी किती जुना आहे! काच आतून फ्रीझ होते. आणि लास्ट टाइम फ्रॉस्टमध्ये तू ब्रायनच्या भिंतीत गेली."

आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी शब्दकोडं खाली ठेवलं. "मला कोणी विचारणार आहे का? मी या खोलीतच आहे."

"आप्पा, तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"मला माझ्या घरात राहायचंय," आप्पा म्हणाले. एवढंच. चाळीस वर्षं इथल्या पोरांना गणित शिकवलेला माणूस, उत्तराखाली रेघ मारल्यासारखा गप्प झाला. पण मिलिंदला हो म्हणायचीही त्यांची तयारी होती, हे मला दिसत होतं. त्यांना कोणावर ओझं व्हायचं नव्हतं. हॉलमध्ये त्यांची निळी सूटकेस उभी होती. मिलिंदने ती माळ्यावरून काढली होती, आणि आप्पांनी कुणाला न सांगता तिच्यात स्वेटर भरायला सुरुवात केली होती.

मी ती सूटकेस बघितली आणि माझं डोकं फिरलं. "मिलिंद," मी म्हटलं, "पहिला फ्रॉस्ट पडेल, रस्ते गोठतील, त्या सकाळी मी आप्पांना साडेसातच्या आत युनिटच्या दारात उभं करते. नाही जमलं, तर त्याच संध्याकाळी तू त्यांना घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. जमलं, तर तू बोलायचं नाहीस."

"डील," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, मला पण आप्पाला काही व्हायला नको आहे."

ते खरंच आहे. म्हणूनच त्याचा राग येत नाही, आणि म्हणूनच त्याला हरवणं जरुरीचं होतं. रविवारी हवामान खात्याने सांगितलं: सोमवारी पहाटे उणे चार.

भिंतीचं आता बोलूनच टाकू. पाच वर्षं आपण दोघी त्यावर बोललो नाही. आपल्या रस्त्याच्या उतारावर मी तुमची गाडी चालवत होते, तुम्ही शेजारी होतात, खाली काळा, डोळ्याला न दिसणारा बर्फ होता. गाडी घसरली, मी ब्रेक दाबला, आणि आपण सावकाश, अगदी लग्नाच्या वरातीच्या वेगाने, कोपऱ्यावरच्या ब्रायनच्या बागेच्या भिंतीत शिरलो. कुणाला लागलं नाही. तुम्ही पट्टा सोडलात, उतरलात, पुढचा दिवा बघितलात आणि म्हणालात, "तू ब्रेक दाबलास. घसरताना पाय काढायचा असतो, म्हणजे चाकं परत पकड घेतात." त्यानंतर फ्रॉस्टच्या दिवशी तुम्ही मला कधी गाडी दिली नाहीत. मी मागितली नाही. दर दसऱ्याला तुम्ही कागद घेऊन विचारायचात आणि मी टायरशी बसून उत्तरं द्यायची, एवढीच बढती माझी शिल्लक राहिली.

मला वाटायचं, तुम्ही मला नापास केलंय.

पहिल्या वर्षीही केलं होतंत. पुण्याहून येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, गाडीही तेव्हा दुसरी होती. तुम्ही सांगितलंत, "दारांच्या रबराला व्हॅसलीन लाव, नाहीतर थंडीत दारं चिकटतात." व्हॅसलीन सापडलं नाही, म्हणून मी खोबरेल तेल लावलं. बाटलीतलं खोबरेल तोवर रोज गोठत होतं, रोज मी ते घरातल्या रेडिएटरवर ठेवून वितळवत होते, तरीही लावलं. दुसऱ्या दिवशी दारांच्या कडांना पांढऱ्या मेणाचे थर, आणि आख्ख्या गाडीला न्हाणीघराचा वास. तुम्ही बोट फिरवलंत, वास घेतलात. "छान," म्हणालात, "आता हिची वेणी घाल." तुमचा तो पहिला विनोद मला चार दिवसांनी कळला, तोवर मी तुमच्यावर रुसून झाले होते.

तर रविवारी दहा वाजता मी गाडी तुमच्या दारासमोरच्या ड्राइव्हवर मोकळी उभी केली, बागेतली खुर्ची आणून आप्पांना बसवलं, कमरेपासून खाली रजई गुंडाळली आणि हातात तुमचा यंदाचा कागद दिला. तो ग्लव्हबॉक्समध्ये होता. दसऱ्याच्या आधीच लिहून ठेवला होतात. तुमचं अक्षर जगात दोनच माणसांना वाचता येत होतं, त्यातलं एक आता नाही, म्हणून आप्पांना थंडीत बसवणं भाग होतं. त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्तुला आहे, त्याने काही उचलायचं नाही, पण कागद धरायला उजवा पुरतो.

"टायर," आप्पा वर्गात हजेरी घ्यावी तसे म्हणाले.

मी वीस पेन्सचं नाणं खाचेत घातलं. नाण्याची कड दिसली तर टायर झिजला, हे तुम्हीच शिकवलंत. पुढच्या दोन्हींत आणि मागच्या उजव्यात ती दिसली नाही. मागच्या डाव्यात किंचित दिसली. "तीन बरे, मागचा डावा काठावर. ख्रिसमसच्या आधी बदलायचा."

"काठावर म्हणजे पास की नापास?"

"आप्पा, तुम्ही माईंपेक्षा वाईट आहात."

"ती मला भूल न देता विचारायची," आप्पा म्हणाले, "मग मी शिकलो."

बॅटरी तपासली, टोकांवरचा पांढरा चुरा गरम पाण्याने आणि सोड्याने धुतला. अँटीफ्रीझचं ते रंगीत गोळ्यांचं खेळणं लावलं, सगळ्या गोळ्या तरंगल्या, म्हणजे पास. काच धुण्याचं पाणी काढून टाकलं आणि त्या जागी पाणी न मिसळता निळं स्क्रीनवॉश ओतलं. दिवे बघताना मी आत बसून कळ दाबत होते आणि आप्पा खुर्चीतून ओरडत होते, "डावा! ब्रेक! अगं, ब्रेक एकच लागतोय!" एक बल्ब गेलेला. बदलला. दारांना व्हॅसलीन लावलं. लगेच सांगते, व्हॅसलीनच.

मग आला तो विषय, ज्यावर आपण तीन हिवाळे भांडलो.

"काच," आप्पांनी वाचलं. मग थांबले. "पुढे कंसात लिहिलंय, नीलिमाच्या छत्र्या."

बघा! शेवटच्या कागदावरसुद्धा तुम्ही सोडलं नाहीत. तीन वर्षं ही गाडी आतून घामाघूम व्हायची. थंडी पडली की काचेला आतल्या बाजूने बर्फ. तुमचं मत: मी ओल्या छत्र्या आणि ओले कोट आत टाकते. माझं मत: तुमच्या गाडीचा हीटर म्हातारा झालाय. तुम्ही तांदूळ भरलेले मोजे डॅशबोर्डवर ठेवलेत, ओल शोषायला. मी कोट डिकीत टाकायला लागले. काचेवर बर्फ येतच राहिला. तुम्ही आतून खरवडायचात, बर्फाचा चुरा आप्पांच्या मांडीवर पडायचा, आणि तुम्ही पुटपुटायचात, "छत्र्या." मी मागच्या सीटवरून म्हणायची, "हीटर."

शुक्रवारी मी गाडीतली, आप्पांच्या पायाखालची चटई उचलली होती आणि ती पिळता आली होती. तेव्हाच शाळेच्या केअरटेकरकडून पाणी ओढणारा व्हॅक्युम मागून ठेवला होता. पण माझं डोकं तिथे अडकलं होतं. एवढं पाणी छत्रीतून येत नाही. हीटर नुसता गरम करतो, पाणी कुठून आणेल? म्हणजे पाणी बाहेरून आत येत होतं.

"आप्पा, तुम्ही आत बसा. खाली बघा आणि काही दिसलं तर हाक मारा." मी स्वयंपाकघरातून मोठा जग भरून आणला आणि समोरच्या काचेवर सावकाश ओतला. पाणी वायपरच्या खालच्या काळ्या जाळीत गेलं. तिथून ते दोन्ही बाजूंच्या भोकांतून रस्त्यावर पडायला हवं. उजवीकडे पडलं. डावीकडे नाही.

"नीलू!" आप्पा आतून ओरडले. "माझ्या बुटात!"

वायपर काढले, जाळीचे स्क्रू काढले, जाळी उचलली. आणि माई, खाली तुमचा देव्हारा होता.

खोटं वाटेल, पण शपथेवर सांगते. चौदा दसऱ्यांचा झेंडू. पाकळ्या कुजून काळा चिखल झालेल्या, त्यात फुगलेल्या अक्षता, हाराच्या दोऱ्याचे तुकडे, यंदाच्या काही पाकळ्या तर अजून केशरी. मी हाताने सगळं बाहेर काढलं, अर्धी बादली भरली. आणि अगदी तळाशी, पाणी बाहेर जायच्या भोकात, बूच बसवावं तशी चपखल बसलेली एक सुपारी.

बॉनेटवर पूजेची सुपारी ठेवायची, नंतर ती कुठे गेली म्हणून शोधायची नाही, "देवाने घेतली" म्हणायचं. देवाने नव्हती घेतली. ती काचेकडे घरंगळली होती आणि तीन वर्षं तिथे बसून पाणी आप्पांच्या पायांवर सोडत होती.

पेचकसाने ती उचकटली. गुळगुळीत, काळी, ओली. मी ती दोन बोटांत धरून आप्पांच्या नाकासमोर नाचवली.

"छत्र्या?" मी म्हटलं. "छत्र्या, आप्पा?"

आप्पांनी चष्मा वर करून ती बघितली. आणि माई, ते हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अगं," ते डोळे पुसत म्हणाले, "तिला सांगू नकोस. चार दिवस बोलणार नाही आपल्याशी."



रस्त्यावरून कोणीतरी कुत्रा घेऊन गेलं. आप्पा कागदाकडे बघत राहिले. मी बादलीकडे.

"स्क्रू दे इकडे," ते शेवटी म्हणाले. "मी धरतो. हरवतील."

जिंकले, माई. तीन हिवाळ्यांचं भांडण मी पुराव्यानिशी जिंकले, आणि तुमच्याइतकं चिडून ते ऐकणारं कोणी उरलं नाही. हे एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

भोकातून तार फिरवली, परत जग ओतला, पाणी दोन्हीकडून धो धो रस्त्यावर. व्हॅक्युमने गालिच्यातलं पाणी ओढलं, दोन बादल्या निघाल्या. तांदळाच्या मोज्यांना आतून बुरशी आली होती, ते कचऱ्यात गेले. एक्स्टेन्शन लावून छोटा हीटर दुपारभर गाडीत चालवला. चार वाजता मी आतली काच हाताने पुसली. हात कोरडा.

"झालं सगळं?" मी विचारलं.

"एक ओळ आहे." आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नी., कार पार्क, दोन फेऱ्या. हे काय गं?"

मला माहीत नव्हतं. नी. म्हणजे मी, एवढं कळलं. ग्लव्हबॉक्समध्ये तुमचे जुने कागद पिनेने लावलेले होते, ते मी काढून त्यांना दिले. गेल्या वर्षीच्या कागदावर शेवटी तीच ओळ. त्याच्या आदल्या वर्षी तीच. भिंतीच्या वर्षापासून पुढे प्रत्येक कागदावर, सगळ्यात खाली. बाकी प्रत्येक ओळीपुढे तुमची बरोबरची खूण. या ओळीपुढे कधीच नाही. एका वर्षीच्या कागदावर तुम्ही जरा जास्त लिहिलं होतंत. ते आप्पांनी वाचून दाखवलं: "चर्च हॉलमागचं कार पार्क. फ्रॉस्ट पडल्यावर. घसरू दे, मग पाय काढायला शिकव. दोन फेऱ्या पुरतील. हुशार आहे."

म्हणजे तुम्ही मला नापास केलं नव्हतंत. फेरपरीक्षेला बसवायचं ठरवलं होतंत आणि पाच वर्षं तारीख दिली नाहीत. का? मी मागेन अशी वाट बघत होतात? मी तुमची वाट बघत होते. दोघीही एवढ्या कामाच्या बायका, आणि एवढं एक वाक्य दोघींना बोलता आलं नाही. मला तुमचा राग आला. खरंच आला. मग मी कागद घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि आप्पांना आत नेऊन पिठलं-भात केला.

अंधार पडायच्या आधी तुमची सोलापुरी चादर समोरच्या काचेवर टाकली, दोन्ही टोकं दारांत अडकवली. तेवढ्यात ब्रायन कुत्रा घेऊन आला. "तुझ्या सासूची चादर," तो म्हणाला. "तिने मला सांगितलं होतं, ही या रस्त्यावरची सर्वांत सुंदर गाडी आहे, कारण ती पांघरूण घेऊन झोपते." मग भिंतीकडे बोट करून म्हणाला, "उद्या मी सातपर्यंत उठत नाही. भिंत तुझ्या भरवशावर आहे."

"उठ," मी म्हटलं. "बघायला ये."

सोमवारी पावणेसहाला मी आमच्या घरून चालत तुमच्या घरी पोचले. गवत पांढरं, कचऱ्याचे डबे पांढरे, सगळ्या गाड्या साखरेत घोळलेल्या. चादर पत्र्यासारखी ताठ झाली होती, तशीच उचलून बाजूला उभी केली. खाली काच स्वच्छ. दार हलक्या हाताने उघडलं, चिकटलेलं नव्हतं. आत बसले, दिवा लावला, काचेवर आतून हात फिरवला.

कोरडी. संपूर्ण कोरडी, माई.

किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू.

आप्पांना घ्यायच्या आधी मी गाडी रस्त्याच्या वरच्या टोकाला, चर्च हॉलमागच्या कार पार्कमध्ये नेली. तिथे एकही गाडी नव्हती, जमीन चमकत होती. पहिल्या फेरीत मी मुद्दाम वळताना ब्रेक दाबला. गाडीने मला विचारलंही नाही, सरळ निघाली. ब्रायनच्या भिंतीकडे निघाली होती तशीच. हात स्टिअरिंगला चिकटले. "पाय," मी मोठ्याने म्हटलं, तुमच्या आवाजात. पाय काढला. एक क्षण काहीच झालं नाही, आणि मग चाकांखाली खरखर आली आणि गाडी मला परत मिळाली.

दुसऱ्या फेरीत घाबरले नाही. घसरू दिली, पाय काढला, वळवली. मग मोठ्याने म्हटलं, "नी., कार पार्क, दोन फेऱ्या. झालं." कागद काढून गुडघ्यावर ठेवला. थंडीने बॉलपेन उमटेना. ते काखेत धरून गरम केलं आणि तुमच्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

साडेसहाला आप्पा कोट, टोपी, मफलर घालून दारात उभे होते. शेजारी सूटकेस.

"ती कशाला?" मी विचारलं.

"नाही जमलं तर. परत वर जायला नको."

"ती घरात ठेवा," मी म्हटलं. त्यांनी मूठ सोडली नाही. "आप्पा, घरात ठेवा."

उतार काळा होता. दुसरा गिअर, पावलाच्या वेगाने. मध्यावर मागचा डावा, तोच काठावरचा, सरकला. गाडीचं नाक ब्रायनच्या भिंतीकडे वळलं. शेजारी आप्पांनी वरचा दांडा धरला. पाय काढला. एक, दोन. खरखर. नाक सरळ. खाली कोपऱ्यावर ब्रायन ड्रेसिंग गाऊनमध्ये, हातात चहाचा मग घेऊन उभा होता. आम्ही त्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावरून डौलात वळलो. त्याने मग वर केला. आप्पांनी टोपी काढली. एखादी राणी निघाली होती जणू.

ए-फोर हायवेवर मीठ टाकलेलं होतं, पुढे काही अडलं नाही. युनिटच्या दारात सात वाजून एकोणीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाखाली आप्पांना उभं करून फोटो काढला आणि मिलिंदला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

आप्पांचा कोट काढून खुंटीला लावला. मग: "ओके वहिनी. यू विन." मग: "काच?" मी लिहिलं, "कोरडी." मग शेवटचं आलं: "तो गाडी चांगला आहे. सॉरी."

शाळा साडेआठची. जाता जाता तुमच्या घरी थांबले. हॉलमधली सूटकेस वर नेली, उघडली, आप्पांचे सहा स्वेटर त्यांच्या कपाटात परत ठेवले, रिकामी सूटकेस माळ्यावर ढकलली. मग खाली आले, सुपारी साबणाने धुतली, पुसली आणि तुमच्या फोटोसमोर, अगदी मधोमध, ठेवली.

पुरावा आहे, माई. आता बोला.